रिसोडातली पाहण्यासारखी ठिकाणं

रिसोड, २२ डिसेंबर २०२४

सुचिता,

फोनवर बाबा विनोद करून वेळ मारून नेतात, म्हणून जे सांगायचं ते कागदावर लिहा आणि पानांचे फोटो पाठवा, अशी तुझी आज्ञा. ठीक आहे. मुलीच्या आज्ञेत राहणारे बाप आपल्या तालुक्यात पुष्कळ आहेत, कबूल करणारा मी एकटा.

तू पाठवलेली रामिलच्या गावाची, सान रोमुलोची माहिती-पुस्तिका मिळाली. दोनदा वाचली. पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे तिच्यात महापौरांचा एकच फोटो आहे. आपल्याकडे पहिली सहा पानं नुसते हात जोडलेले फोटो असते आणि गाव सातव्या पानावर सुरू झालं असतं. एवढंसं गाव, आपल्या रिसोडाच्या निम्म्याचं, पण थाट बघ. चर्चचा मनोरा भूकंपात अर्धा पडला, तर तो अर्धा मनोराच ‘पाहण्यासारखं ठिकाण’. घंटा खाली आंब्याला टांगली, तर तो आंबाही. नदीवरचा झुलता पूल, ‘एका वेळी दहाच माणसांनी चढावे’ या पाटीसकट. बास्केटबॉलचं छपराचं मैदान, जिथं लग्नं लागतात, वादळात लोक झोपतात आणि उरलेल्या वेळात भात वाळतो. आणि चौकातला तो सिमेंटचा कांदा! दोन पुरुष उंच, गुलाबी रंगाचा. खाली लिहिलंय, ‘आमच्या कष्टाचे प्रतीक’. मी इतका हसलो की गुलाबदादा मळ्यातून विचारायला आला, काय झालं म्हणून.

आपण पोहरादेवीला नगाऱ्याच्या आकाराची इमारत उभी केली, तेव्हा मी माझ्या ‘चिमटा’ सदरात कौतुकाचा लेख लिहिला होता. त्यांनी कांदा उभा केला तर मला हसू येतं. हे मलाही दिसतं, तू लिहायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. रामिलचे आईवडील जानेवारीत येणार, हॉस्पिटलातून तुम्हा दोघांना सुटी नाही, म्हणून एर्नेस्तो आणि लुस दोघंच येणार, हे समजलं. त्यांच्या रिवाजाबद्दल तू लिहिलंस तेही समजलं. आपल्याकडे मुलीकडचे मुलाचं घर पाहायला जातात, विहिरीत डोकावतात, म्हशी मोजतात आणि शेजाऱ्याला कोपऱ्यात घेऊन ‘पोरगं पेतं का’ ते विचारतात. तिकडे मुलाकडचेच खाण्याचा डबा घेऊन मुलीच्या दारी येतात, पायऱ्या चढतात आणि मुलगी मागतात. त्या रिवाजाच्या नावाचा अर्थच पायऱ्या चढणं. त्यांनी मागायचं, आपण हो म्हणायचं, मग मे महिन्यात लग्न. हो म्हणायला माझी काही हरकत नाही. रामिल चांगला वाटतो. फोनवर माझ्या विनोदांना हसतो, म्हणजे एकतर हुशार आहे किंवा त्याला काही कळत नाही. जावयात दोन्ही गुण चालतात.

‘त्यांना घरीच न्या, मोठ्या आईच्या हातचं खाऊ घाला’ हे वाक्य तू दोनदा अधोरेखित केलंयस.

पाहतो.

तुझा बाबा

&nbsp;

रिसोड, ११ जानेवारी २०२५

सुचिता,

तयारी पूर्ण. पाहुण्यांना वाशिमच्या एसी हॉटेलात उतरवतोय. रागावू नकोस, कारणं ऐक. आपला ओटा म्हणजे सध्या वांग्यांचं गोदाम आहे. दारासमोर ओल्या पोत्यांचा वास, मेथीचा चिखल, पाण्याच्या टाक्याशी कायम कोणीतरी भाजी धूत बसलेलं. लुसबाईंचे गुडघे दुखतात, तूच लिहिलं होतंस. त्यांना त्या चिखलातून कुठं नाचवू? घराचं रंगकाम चालू आहे असं सांगेन. रंगकाम नाही, पण व्हायला हवं हे तर खरं आहे.

मोठी आई त्या दिवसांत गुलाबदादाला मळ्यावर सोडून मानोऱ्याला माहेरी जाईल असं दिसतं. तिचं तिकडं काही काम निघालंय.

तू सांगितलंस म्हणून रिसोडची माहितीही लिहायला बसलो. वीस वर्षं या गावाला दर रविवारी चिमटा काढतोय, मला वाटलं अर्ध्या तासात होईल. बाजार समितीपाशी सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग. एसटी स्टँड, जिथं गाडी सोडून सगळं वेळेवर येतं. मुख्य रस्त्यावरचा तो खड्डा, ज्याचे मी तीन वाढदिवस छापले. पुढं सरकेना. पाहुण्याला दाखवावं असं एकही वाक्य निघेना. म्हणून त्यांना लोणारचं सरोवर दाखवायचं ठरवलंय. ते बुलडाणा जिल्ह्यात आहे, पण परदेशी माणसाला जिल्हा कुठं कळतो?

तुझा बाबा

&nbsp;

रिसोड, २० जानेवारी २०२५

सुचिता,

पाहुणे काल नागपूरहून विमानात बसले. कार्यक्रम उत्तम पार पडला.

एर्नेस्तो बुटका, जाडजूड हातांचा, गोड माणूस आहे. जरा औपचारिक. हॉटेलात जेवायला तो पातळ, कशिदा काढलेला पांढरा शर्ट घालून आला, आपल्याकडे नवरदेवही इतका नटत नाही. सूप झाल्यावर उठून उभा राहिला, हात पुढे बांधले, घसा खाकरला. मला वाटलं आभारप्रदर्शन. मी म्हटलं, “नो फॉर्मॅलिटी, नो फॉर्मॅलिटी, सिट!” आणि गुलाबजाम मागवले. बसला बिचारा. लुसबाईंनी एक मोठा पत्र्याचा डबा मांडीवर धरून ठेवला होता. वेटरला म्हटलं फ्रिजमध्ये ठेव, तर देईनात. घराचं विचारलं, मी रंगकाम सांगितलं. मोठ्या आईचं विचारलं, मी मानोरा सांगितलं. पुन्हा नाही विचारलं. समजूतदार माणसं.

लोणार पाहून खूश झाले. काठावर उभं राहून एर्नेस्तो म्हणाला, “हे छान आहे. पण तुमच्या गावातलं काय आहे?” मी म्हटलं, “आमच्या गावातलं एकच प्रसिद्ध आहे, गावाबाहेर जायचा रस्ता.” त्याला कळलं नसावं. हसला नाही.

येताना रिसोडात गाडी पंक्चर झाली. बाजाराचा दिवस होता. ते दोघं थोडं फिरले, वांगी घेतली, फोटो काढला. मग वाशिम, मग नागपूर. डब्याचं विचारशील तर तो बहुतेक त्यांनी परत नेला.

मे महिन्यातली तारीख कळव म्हणजे कॉलेजात रजेचा अर्ज टाकतो.

तुझा बाबा

&nbsp;

रिसोड, २६ जानेवारी २०२५

सुचिता,

तुझा निरोप आला. एर्नेस्तोनं तुला पाठवलेला बाजारातला फोटो, त्याखाली त्याची ओळ: ‘प्रोफेसर म्हणाले इथं पाहण्यासारखं काही नाही. आम्हाला एक सापडलं.’ आणि त्याखाली तुझी ओळ: ‘बाबा, ही कोण?’

त्याच्याही खाली रामिलनं लिहिलेलं. मुलीचे वडील भले गृहस्थ आहेत, त्यांनी सभ्यपणे नकार दिला, घराच्या पायरीपर्यंत नेलं नाही, मागणीचा शब्द तोंडातून काढू दिला नाही, तेव्हा आपण मान ठेवावा, असं त्याचे आईवडील म्हणतात. लग्न थांबलं.

मी नकार दिला नव्हता. मला माहीतही नव्हतं की मी नकार देऊन राहिलोय. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं, कारण ते बचावाचं आहे आणि तू विचारलंस ते वेगळंच आहे. ही कोण.

ही तुझी मोठी आई. तुझी आई गेली तेव्हापासून तुझ्या वेण्या घालणारी, तुझ्या दहावीच्या परीक्षेला शाळेच्या भिंतीबाहेर टोपलं घेऊन बसलेली. ती मानोऱ्याला गेली नव्हती. तिचं तिथं काहीही काम नव्हतं. मीच तिला म्हटलं, “वहिनी, दोन-चार दिवस मानोऱ्याला जाऊन या.”

“आता? वांग्याचा तोडा सुरू हाय भाऊजी. आन् आपले इवाई, पोरीचे सासू-सासरे येऊन राह्यले ना?”

“त्याच्यासाठीच म्हणतो.”

तिनं हातातली मेथीची जुडी बांधली. मग म्हणाली, “बरं. हाटेलात नाही येत मी. पन मानोऱ्याले नाही जात. तोडा कोन करन?”

दादा तिथंच होता. त्यानं पायात वहाण घातली आणि मळ्यात निघून गेला.

आता बाजाराचं सांगतो. मागच्या पत्रात एका ओळीत उरकलं होतं. गाडी पंक्चर झाली, मी पंक्चरवाल्याशी हुज्जत घालत होतो, वळून पाहतो तर पाहुणे नाहीत. शोधत गेलो, तर एर्नेस्तो आपल्या पोत्यासमोर उकिडवा बसलेला. आपल्याकडचा कास्तकार बसतो तसा, टाचा टेकवून. हातात वांगं. अंगठ्यानं दाबून पाहत होता. समोर वहिनी. तिनं पाहुण्यांना ओळखलं होतं, तूच तिला मोबाइलवर फोटो दाखवले होतेस. मग तिनं मला पाहिलं.

एर्नेस्तो म्हणाला, “प्रोफेसर, विचारा ना, ही हिच्या शेतातली आहेत का?”

सुचिता, मी विचारलं. मी म्हटलं, “बाई, ही वांगी कुठली?”

ती म्हणाली, “आमच्याच मळ्यातली हो दादा. सकाळीच तोडली.”

तीस वर्षं ज्या माणसाला भाऊजी म्हणते, त्याला दादा म्हणाली. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. माझं खोटं मला एकट्याला उचलवत नव्हतं, तर तिनं दुसऱ्या बाजूनं हात लावला.

शेजारी कोथिंबीर घेऊन तुळसाबाई बसलेली. ती पानाची पिंक टाकून म्हणाली, “अवो प्रयागबाई, हे तं तुमचे देर ना...”

“तुळसाबाई, कोथिंबिरीवर पानी मारा आधी. सुकून राह्यली.”

लुसबाईंनी विचारलं, हिला मुलं किती. मी तेही मराठीत केलं. वहिनीनं काटा खाली ठेवला. म्हणाली, “पोटचं नाही काही. पन एक पोरगी हाय. लय दूर शिकाले गेली. डाक्टर झाली.”

मी इंग्रजीत इतकंच सांगितलं: एक मुलगी आहे.

पुढचं मी गिळलं. मराठी शिकवणारा माणूस मी, वर्गात पोरांनी ओळ गाळली तर मार्क कापतो.

मग लुसबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि तो पत्र्याचा डबा तिच्या हातात दिला. परत नेला नव्हता. वाशिमच्या फ्रिजला न दिलेला डबा त्यांनी बाजारातल्या एका भाजीवालीला दिला, कारण आता तो देण्यासारखं घर उरलं नाही असं त्यांना वाटलं होतं. वहिनीनं नको म्हटलं नाही. पिशवीत वांगी भरली, वरून मूठभर हिरव्या मिरच्या टाकल्या, पैसे घेतले नाहीत. एर्नेस्तोनं तिचा फोटो काढला. ती पदर सावरून सरळ बसली, मतदार कार्डाच्या फोटोला बसते तशी. मी बाजूला झालो, फोटोत यायला नको म्हणून.

त्या संध्याकाळी तिनं डबा उघडला. खोबऱ्याचा आणि गुळाचा चिकट भात होता, वड्या पाडलेल्या. सगळ्यांना एकेक दिली. मलाही. “घ्या भाऊजी, इवायाकडचं हाय.” मी खाल्ली. दादानं हातात धरूनच विचारलं, “दौलत, इवायाले घरी नाही आनलं, तं नेलं कुठी?”

“लोणारला.”

“म्हंजे घर नाही दाखवलं, खड्डा दाखवला.”

वीस वर्षं मी सदर लिहितो आणि हा माणूस एका वाक्यात चिमटा काढून जातो.

तू विचारशील, एर्नेस्तो स्वतः कांदे पिकवतो, भाजी विकतो हे तुम्हाला ठाऊक होतं, मग लाज कोणाची? हेच मला लिहिता येत नाही. तो कोणी डॉक्टर-वकील असता तर कदाचित मी बिनधास्त घरी नेला असता, ‘आम्ही शेतकरी’ म्हणून छाती काढली असती, मोठ्या माणसापुढं ते शोभतं. पण तेही पोत्यावर बसणारे, आम्हीही पोत्यावर बसणारे, मग मी माझी पोरगी समुद्रापलीकडे पाठवली कशाला? या पोत्यापासून त्या पोत्यापर्यंत? मला त्याच्यासमोर प्रोफेसर व्हायचं होतं. आपल्यासारख्याच माणसापुढं आपण वरचे दिसावं, एवढीच हौस होती. लिहून पाहिलं तर किती लहान दिसतं.

या आठवड्याचा ‘चिमटा’ दिला नाही. संपादकाला ताप सांगितला. म्हणजे अजून सुधारलो नाही.

तू सांगशील ते करतो. त्यांना पत्र लिहू? माफी मागू? पण तू बोल.

बाबा

&nbsp;

रिसोड, १७ फेब्रुवारी २०२५

सुचिता,

तू मला उत्तर दिलं नाहीस. जे बोलायचं ते मोठ्या आईशी बोललीस आणि काल काय काय करायचं ते तिच्याकरवी मला कळवलंस. दादाच्या मोबाइलवर तुमचं रोज अर्धा-अर्धा तास चालतं. मी आतल्या खोलीत पेपर तपासत बसतो, कानात काही पडत नाही असं दाखवून.

तिच्याकडूनच कळलं की तू रामिलच्या आईवडिलांना फोटोतली बाई कोण ते सांगितलंस. लुसबाई आधी रडल्या, मग म्हणाल्या, ‘म्हणजे डबा बरोबर चुलीपाशीच पोचला की.’ आणि एर्नेस्तो म्हणाला, अर्धं काम झालं, आता पायऱ्या तेवढ्या राहिल्या. पुन्हा इतक्या लांब येणं होणार नाही, म्हणून फोनवर. पण ओट्यावर फोन ठेवून चालणार नाही. रस्त्यावरून निघायचं आणि आम्हाला वर न्यायचं, असा त्याचा आग्रह. कोणी न्यायचं हेही तूच ठरवलंस.

कालचं सगळं तू पाहिलंस, पण पडद्याच्या आतून. बाहेरून ते कसं दिसत होतं ते सांगतो. रविवार, भर दुपार. मी रस्त्यावर उभा, दोन्ही हातांत मोबाइल, आरतीचं ताट धरावं तसा. आत तुम्ही चौघं. एर्नेस्तोनं तोच पांढरा शर्ट घातलेला. मी चालायला लागलो आणि तुळसाबाई तिच्या दारातून ओरडली, “काय सर, सेल्फी काढून राह्यले का?” दोन पोरं मागं लागली. टाक्यापाशी ओल्या पोत्यांवरून जाताना एर्नेस्तो म्हणाला, थांबा. मी थांबलो. त्याला पोती पाहायची होती. मग टाकं. मग मेथीचे वाफे. मी फोन फिरवत गेलो. जे लपवायला मी वाशिमला हॉटेल घेतलं होतं, ते सगळं तो ‘स्लो, स्लो’ म्हणत पाहत होता.

मी पहिली पायरी चढलो. ओट्यावर दादा नवा सदरा घालून ताठ बसलेला, कधी नाही ते त्यानं केस विंचरलेले. वहिनी वांगी निवडत होती. मला वर येताना पाहून ती उठली, हात पदराला पुसले. आणि मला विचारलं, अगदी रोजच्या आवाजात, चहा टाकू का विचारते तशा:

“भाऊजी, मी राहू का आत जाऊ?”

त्यात टोमणा नव्हता. मी वीस वर्षं टोमण्यांवर पोट भरलंय, टोमणा मला ओळखू येतो. ती खरंच विचारत होती.

दादानं मान फिरवली. फोनमधून लुसबाईंनी तुला विचारलेलं मी ऐकलं, ती काय म्हणाली? आणि तू त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलंस. मग मी म्हटलं, “राहा वहिनी. बसा. तुमच्याशीच बोलायचंय त्यांना.” तिनं मोबाइल हातात घेतला, उलटा धरला, मी सरळ करून दिला.

पुढचं सगळ्यांनी ऐकलं. एर्नेस्तो उभा राहिला, हात पुढे बांधले. या वेळी त्याला कोणी बसवलं नाही. तो बराच वेळ बोलला, तू मराठीत सांगत गेलीस, आणि मोठ्या आईनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आमची पोरगी देली तुमाले. पन सकाळी लवकर उठत नाही ते, आत्ताच सांगून ठेवतो. आन् भांडन झालं तं तिले आधी जेवू घाला, मग भांडा.” तू ते सांगताना अर्ध्यात अडकलीस. रामिलनं पुरं केलं, त्याला कुठून कळलं कोण जाणे. दादानं मोठ्यानं “हो!” म्हटलं, ग्रामसभेत ठराव पास करताना म्हणतात तसं. मे महिन्याची तारीख पक्की झाली.

मला कोणी काही विचारलं नाही. ते बरोबरच होतं.

रात्रभर मी एकाच गोष्टीचा विचार करतोय. वहिनीनं विचारलेलं तुला स्पष्ट ऐकू आलं होतं. त्याचा अर्थ काय, हे तुझ्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार नव्हतं. लुसबाईंनी विचारल्यावर तू जे सांगितलंस त्यावर ते दोघं हसले.

म्हणजे तू दुसरंच काहीतरी सांगितलंस. त्या प्रश्नावर हसण्यासारखं काही नव्हतं.

बाजारात मी तिचं वाक्य गाळलं होतं. काल तू गाळलंस, माझ्यासाठी.

तू काय सांगितलंस ते मी कधी विचारणार नाही. मे महिन्यात मी येईन, मोठी आई आणि दादा आले तरच, आणि त्यांच्या मागं बसेन. तिचा पासपोर्टाचा फोटो उद्या काढायचा आहे. पुन्हा मतदार कार्डासारखी बसेल. या वेळी मी सोबत जाणार आहे.

बाबा